डॉसच्या वर्ड प्रोसेसरला नव्या विंडोजमध्ये जागा का उरली नाही

वर्डस्टारची किंवा वर्डपरफेक्टची, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या जुन्या प्रोग्रॅमची, डॉस या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरची प्रत जपून ठेवलेल्या माणसाने ती आजच्या विंडोजवर सुरू करून पाहिली, तर हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणार नाही, एवढाच निरोप मिळतो. प्रोग्रॅम शाबूत असतो, फाइलीही शाबूत असतात. तुटलेली असते ती प्रोग्रॅमची यंत्राशी असलेली थेट ओळख, आणि ती एका दिवसात तुटलेली नाही.

वर्डस्टार १९७८चा, म्हणजे डॉसच्याही आधीचा. सीमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी तो सीपी/एम या सिस्टिमवर लिहिला. वर्डपरफेक्टचे मूळ ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले. त्याची १९८९ची ५.१ ही डॉस आवृत्ती वकिलांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम फारशी मध्ये पडत नसे. फाइली सांभाळणे हे डॉसचे मुख्य काम. पडद्यावर अक्षर उमटवायचे तर प्रोग्रॅम सरळ व्हिडिओ मेमरीत लिहायचा. कळ दाबली का, दाबली का, हे तो अखंड तपासत बसायचा. छपाईसाठी तर प्रत्येक वर्ड प्रोसेसरला प्रिंटरची भाषा स्वतःच यावी लागे. वर्डपरफेक्ट इतका पुढे गेला त्यात त्याच्या शेकडो प्रिंटर ड्रायव्हरांचा, म्हणजे प्रिंटरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, वाटा मोठा आहे.

एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणाऱ्या सिस्टिमला असा मोकळा कारभार परवडणारा नव्हता. तोड प्रोसेसरमध्येच निघाली. इंटेलच्या १९८५च्या ८०३८६मध्ये ‘व्हर्च्युअल ८०८६’ ही सोय होती: जुन्या प्रोग्रॅमला वाटावे की सगळे यंत्र आपलेच आहे, आणि सूत्रे मात्र सिस्टिमच्या हाती असावीत. तिच्याच आधारे १९९३च्या विंडोज एनटीमध्ये एनटीव्हीडीएम हा डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा भाग आला. विंडोज एक्सपीपर्यंत बहुतेकांचे यावर निभावले. त्यापुढच्या विंडोज व्हिस्टापासून नव्या डिस्प्ले ड्रायव्हरांखाली डॉसचा पूर्ण पडदा गेला आणि प्रोग्रॅम छोट्या खिडकीत अडकला. रोज आठ-दहा तास लिहिणाऱ्याला तेवढेही पुष्कळ जाचते.

खरा घाव ६४-बिटचा (बिट म्हणजे ० किंवा १; प्रोसेसर एका दमात किती बिट हाताळतो ते हा आकडा सांगतो). एएमडीने २००३मध्ये आणलेल्या ६४-बिट रचनेत, प्रोसेसर ६४-बिट पद्धतीत चालत असताना, ‘व्हर्च्युअल ८०८६’ची सोय वगळली होती, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम कधी आलाच नाही. यात नाहक सापडले ते विंडोज ९५च्या काळातले काही ३२-बिट वर्ड प्रोसेसर. ते स्वतः चालू शकले असते, पण त्यांना संगणकावर बसवणारा इन्स्टॉलर १६-बिट होता, म्हणजे एनटीव्हीडीएमशिवाय न चालणारा, आणि दारच उघडेना! ३२-बिट विंडोज १० ही शेवटची पळवाट होती; २०२१चे विंडोज ११ फक्त ६४-बिटच आले.

मॅकवर हेच वेगळ्या तारखांना घडले. जुन्या मॅक सिस्टिमचे प्रोग्रॅम चालवणारे क्लासिक २००७च्या लेपर्ड या आवृत्तीत गेले, आधीच्या पॉवरपीसी प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवणारे रोझेटा २०११च्या लायनमध्ये, आणि ३२-बिट प्रोग्रॅम २०१९च्या कॅटलिनामध्ये.

उरला उपाय एम्युलेटरचा, म्हणजे जुने यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभे करण्याचा. २००२चा डॉसबॉक्स सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो खेळांसाठी बनला. छपाई हा त्याच्या निर्मात्यांचा विषयच नव्हता, आणि लिहिणाऱ्याचे घोडे नेमके तिथेच अडते: वर्डपरफेक्ट समांतर पोर्टवर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर, मजकूर पाठवतो, आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. डॉसबॉक्सच्याच पायावर उभा राहिलेला व्हीडॉस कामकाजाच्या प्रोग्रॅमांसाठी आहे. पोर्टकडे निघालेला मजकूर तो मधेच घेऊन विंडोजच्या प्रिंटरकडे देतो. लेखनासाठी साध्या डॉसबॉक्सपेक्षा मी तोच सुचवीन.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याने वर्डस्टारवर बसलेला हात पाहावा. कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स या चार कळांनी कर्सर चारी दिशांना फिरतो, बोटे जागची हलत नाहीत. शिवाय फाइलींचाही प्रश्न आहे. जुन्या वर्डस्टारने शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या मांडणीसाठी वापरला, त्यामुळे साध्या एडिटरमध्ये तीच फाइल उघडली की जवळपास प्रत्येक शब्दाचे शेपूट बिघडलेले दिसते. मूळ प्रोग्रॅममध्ये ती सरळ वाचता येते. कॅनडाचे लेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४मध्ये वर्डस्टार ७ पुस्तिका आणि एम्युलेटरसह सर्वांसाठी उपलब्ध करून दिला, त्या शेवटच्या डॉस आवृत्तीनंतर ३२ वर्षांनी.