दाढेच्या खाचांवर लेप: सीलंट आले कुठून?

पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही, सगळ्या दातांच्या मागे ती गुपचूप उगवते. त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी ‘पडेलच की’ म्हणून सोडून दिली जाते. तिच्या माथ्यावरच्या खाचा कित्येकदा ब्रशच्या केसाहूनही अरुंद असतात. अन्नाचे कण आणि जंतू तिथे शिरतात, ब्रश मात्र पोचत नाही.

दंतवैद्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण उपाय धसमुसळे होते. १९२३ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य हायट यांनी सुचवले, की कीड लागण्याआधीच खाचा कोरून भरून टाकाव्यात. १९२९ मध्ये बोडेकर यांनी खाचा घासून उथळ करायला सांगितले. म्हणजे धडधाकट दाढेलाच ड्रिल लावायचे! १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. पण फ्लोराइडचा फायदा दातांच्या गुळगुळीत बाजूंना जास्त होतो, खाचांना कमी. खाचांचा प्रश्न तसाच राहिला.

खरी अडचण चिकटवण्याची होती. ओलसर, गुळगुळीत इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावर, काही टिकेना. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या ईस्टमन दंतसंस्थेतले मायकेल बुओनोकोर यांना वाट सापडली ती रंगकामाच्या धंद्यात. धातूवर रंग नीट बसावा म्हणून तिथे आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. १९५५ मध्ये त्यांनी तेच दातावर करून पाहिले. आम्लाने इनॅमलला बारीक छिद्रे पडतात, त्यांत रेझिन (राळेसारखा कृत्रिम पदार्थ) शिरून घट्ट होते आणि दाताला धरून राहते. आजही सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, लावण्याआधी दाढ आम्लाने खरखरीत करतात ती याच कारणाने.

चिकटवायची रीत सापडली तरी टिकाऊ पदार्थ हवाच होता. सुरुवातीला वापरलेले सायनोॲक्रिलेट (एक प्रकारचा झटपट चिकटणारा गोंद) तोंडात झिजून जाई. दंतसंशोधक राफेल बोवेन यांनी १९६२ च्या सुमारास तयार केलेल्या बिस-जीएमए रेझिनने ही उणीव भरून काढली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे सीलंट बाजारात आले. पुढे त्या दिव्याची जागा निळ्या प्रकाशाने घेतली.

तरीही दंतवैद्य बिचकत होते. खाचेत सुरुवातीची कीड असली आणि वरून लेप बसला, तर ती आतल्या आत पसरेल ही भीती होती. मला ती रास्त वाटते. पण सत्तरच्या दशकातच ईस्टमनमध्ये हँडलमन आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम कीड असलेल्या खाचा बंद करून पाहिल्या. बाहेरून साखर मिळेनाशी झाली आणि आतले जंतू झपाट्याने घटले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने सीलंटला स्पष्ट पाठिंबा दिला.

तरी २०१६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या अहवालात सहा ते अकरा वर्षांच्या निम्म्याहून कमी मुलांच्या दातांना सीलंट होते. गरीब घरांतल्या मुलांत हे प्रमाण आणखी कमी होते, आणि कीड तर त्यांच्यातच जास्त.