पीएच.डी.चा प्रवेश, मुदत आणि फेलोशिप : अर्ज नेमके कुठे अडतात

नागपुरात पीएच.डी.चे अडलेले अर्ज पाहिले, तर संशोधनाचा विषय कच्चा असल्याचे कारण त्यांत फारसे आढळत नाही. प्रमाणपत्राचा चुकीचा नमुना, मुदत संपलेला दाखला आणि चुकीची धरलेली तारीख या तीन गोष्टींवर हुशार विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाते, म्हणून येथे त्यांच्याकडेच अधिक लक्ष दिले आहे.

पात्रतेचा नियम सरळ आहे. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरल्या जाणाऱ्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी गुण वर ओढून पूर्णांकात धरले जात नाहीत, त्यामुळे ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. गुणपत्रिकेवर केवळ श्रेणी असल्यास टक्केवारीत रूपांतर करणारे विद्यापीठाचे पत्र आधीच मिळवून ठेवावे, कारण ऐन शेवटच्या आठवड्यात ते हाती येईलच असे नाही.

सर्वाधिक घोळ जातीच्या दाखल्यांचा होतो. आपल्या राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग असे स्वतंत्र गट आहेत, परंतु केंद्राच्या यादीत हे गट नाहीत. नेटचा अर्ज भरताना आपली जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का, हे पाहावे लागते आणि असल्यास केंद्रीय नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र जोडावे लागते. राज्याच्या नमुन्यातील दाखला कितीही खरा असला तरी तेथे चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच दोन्ही नमुन्यांची मागणी करावी. खिडकीवरचा माणूस ते आपणहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरी अडचण मुदतीची आहे. राज्याच्या नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची वैधता ३१ मार्चला संपते आणि ती एक वर्षाची आहे की तीन, हे त्या कागदावरच लिहिलेले असते. जानेवारीत भरलेल्या अर्जाची छाननी एप्रिलनंतर झाली, तर कोणत्या तारखेला वैध दाखला हवा, हे जाहिरातीतील वाक्य शब्दशः वाचून ठरवावे.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांचे अर्ज ना-हरकत प्रमाणपत्रावर परत येतात. ‘आमची हरकत नाही’ एवढे एक वाक्य पुरत नाही. अर्धवेळ संशोधनास परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तील अनिवार्य अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केले जाईल, हे तीनही मुद्दे त्यात असावे लागतात. मसुदा स्वतः लिहून साहेबांपुढे ठेवणे हाच यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडील रिकाम्या जागांची चौकशी करावी. प्राध्यापकांना एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हा प्रश्न विचारायला विद्यार्थी संकोचतात, पण तो आदराने आणि पहिल्याच भेटीत विचारावा.

आता मुदतीविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्याहून दोन वर्षांची वाढीव सवलत आहे, मात्र एकूण काळ दहा वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. महिलांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ती लेखी मागावी. ही सहा वर्षे प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात, कोर्सवर्क संपल्यापासून नव्हे. प्रवेश, शुल्काची पावती, आरआरसीची (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीची) मान्यता आणि नोंदणीपत्र यांच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात; म्हणून आपली अधिकृत तारीख कोणती, हे पहिल्याच महिन्यात लेखी विचारून घ्यावे. ही तारीख प्रत्येक विद्यार्थ्याला ठळक अक्षरांत देणे कार्यालयांना मुळीच अवघड नाही, तरीही ती पाचव्या वर्षी शोधावी लागते, याचा मनस्वी राग येतो.

राज्यातील फेलोशिपसाठीही हीच तारीख निर्णायक ठरते. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी गटांसाठी सारथी, तर इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती ही संस्था आहे. महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच असल्याने शंका प्रत्यक्ष जाऊन विचारता येते. ज्यांना जेआरएफ (नेटमधून मिळणारी केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली आहे, त्यांची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये आहे. संस्थेने दरमहा पोर्टलवर विद्यार्थी कार्यरत असल्याची पुष्टी केली नाही, तर ती रक्कम थांबते. पुष्टी भरणारे आणि ती मंजूर करणारे असे दोन वेगळे लॉगिन असतात. पैसे आले नाहीत तर कागद कोणत्या टेबलावर थांबला आहे, हे आधी विचारावे आणि मगच तक्रार लिहावी.

प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्या अहवालाची सही झालेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. २०२२च्या आयोगाच्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती उरलेली नाही, परंतु विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्यादेशात ती अट असू शकते. तसेच ७ नोव्हेंबर २०२२ पूर्वी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागू होतात. मित्राचा प्रबंध शोधनिबंधाशिवाय स्वीकारला गेला, म्हणून आपलाही जाईल असे धरू नये; दोघांच्या नोंदणीच्या तारखा आधी ताडून पाहाव्यात.