रेडिएशन झालेलं पोट आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

‘एकदा पोटाला रेडिएशन दिलं की आतडी चिकटून जातात, मग दुर्बिणीतून ऑपरेशन होतच नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातला पहिला भाग बऱ्याच रुग्णांत खरा आहे, दुसरा सरसकट खरा नाही.

गर्भाशयमुख किंवा गुदाशयाच्या कर्करोगासाठी ओटीपोटाला दिलेल्या किरणांमुळे आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. आतडं जाड, पांढुरकं, ताठर होतं आणि काही ठिकाणी अरुंद होतं. हा त्रास उपचारानंतर कित्येक महिन्यांनी, कधी कधी अनेक वर्षांनीही दिसू लागतो. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. गुदाशयातला रक्तस्राव तर अनेकदा एंडोस्कोपीतूनच, म्हणजे पोट न कापता गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून, थांबवता येतो.

आतड्यात अडथळा वारंवार येत असेल, तर निवडक रुग्णांत अनुभवी सर्जन लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, करतात. खरी कसोटी जोडाची, म्हणजे खराब भाग कापल्यावर आतड्याची उरलेली टोकं शिवण्याची असते. किरणं लागलेली दोन टोकं एकमेकांना शिवली तर रक्तपुरवठ्याअभावी जोड गळण्याचा धोका वाढतो. म्हणून खराब भाग पुरेसा काढून निदान एक टोक निरोगी आतड्याचं घेतात. रक्त पोचतंय का, हे इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्यावर पाहता येतं.

चिकटपणा फार असला तर पोट उघडावं लागतं. त्याला अपयश म्हणू नका, तो सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. म्हणून सर्जनला थेट विचारा: रेडिएशन झालेल्या किती रुग्णांवर तुम्ही अशी शस्त्रक्रिया केली आहे?