गायक-वादकांचे चरित्रपट आणि अभिनयाचे ऑस्कर

प्रत्यक्ष होऊन गेलेल्या किंवा हयात असलेल्या गायक, वादक, संगीतकाराच्या आयुष्यावर बेतलेला कथापट म्हणजे संगीत-चरित्रपट. पुरस्कारांचा हंगाम आला की हॉलिवूडमध्ये या प्रकाराकडे सगळ्यांचे डोळे लागतात, कारण मुख्य भूमिका करणाऱ्या नटाला ऑस्करपर्यंत नेणारा हा हमखास रस्ता अशी समजूत आहे. समजुतीला आधार आहे. ‘हमखास’ हा शब्द मात्र जास्तीचा.

आधार बराच जुना आहे. 1942 च्या ‘यँकी डूडल डँडी’मध्ये गीतकार-संगीतकार आणि रंगमंचाचा राजा जॉर्ज एम. कोहन साकारून जेम्स कॅग्नीने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर घेतले. 1945 मध्ये कॉर्नेल वाइल्डला ‘अ साँग टू रिमेंबर’मधल्या शोपँ या पियानोवादक-संगीतकाराच्या भूमिकेसाठी नामांकन मिळाले. पडद्याआड पियानो वाजवत होते होसे इतुर्बी. पुढच्याच वर्षी लॅरी पार्क्सला ‘द जॉल्सन स्टोरी’साठी नामांकन मिळाले, आणि तिथे गळा होता खुद्द अल जॉल्सनचा. म्हणजे ‘गातोय कोण?’ हा प्रश्न या प्रकाराला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या नियमांनी हा प्रश्न बराचसा निकालात काढला आहे. संपूर्ण भूमिकेला दुसऱ्याचा आवाज दिला असेल तर ती स्पर्धेतून बाद होते. नुसती गाणी दुसऱ्याच्या आवाजात असली तर नटाच्या पात्रतेला बाधा येत नाही, फक्त भूमिका निव्वळ गाण्याचीच असता कामा नये. नियमाने सूट दिली तरी मतदारांच्या मनात काय असते ते वेगळे. नामांकने नटांची शाखा ठरवते, अंतिम मतदान सगळे सदस्य करतात. स्वतः गाणाऱ्याबद्दल नटांना कौतुक वाटणारच, त्यामुळे प्रसिद्धीतही ‘सगळी गाणी त्याने स्वतः गायली’ हे वाक्य हटकून असते.

निकाल मात्र त्या वाक्याला फारशी दाद देत नाहीत. ‘रे’ (2004) मधल्या जेमी फॉक्सच्या तोंडी बहुतांश आवाज रे चार्ल्सचाच आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त (2018) रॅमी मॅलेकच्या ओठांवर फ्रेडी मर्क्युरीच्या मूळ ध्वनिमुद्रणांचा आणि मार्क मार्टेल या गायकाच्या आवाजाचा मेळ आहे. ‘ला व्ही आँ रोझ’मध्ये (2007) फ्रेंच गायिका एदित पियाफ झालेल्या मारियाँ कोतियारनेही ओठच हलवले. तिघांनाही ऑस्कर मिळाले. कोतियारचे तर फ्रेंच भाषेतल्या अभिनयासाठी मिळालेले पहिलेच. उलट ‘द बडी हॉली स्टोरी’त (1978) गॅरी ब्यूझी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायला आणि नामांकनावर थांबला. ‘रॉकेटमन’मध्ये (2019) एल्टन जॉनची गाणी स्वतः गाणाऱ्या टॅरन एजर्टनला गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्करचे साधे नामांकनही नाही. अभिनेत्रींच्या बाजूला चित्र थोडे निराळे दिसते: ‘कोल मायनर्स डॉटर’ची (1980) सिसी स्पेसेक, ‘वॉक द लाइन’ची (2005) रीझ विदरस्पून आणि ‘जूडी’त (2019) गायिका-अभिनेत्री जूडी गारलंड झालेली रेने झेलवेगर या तिघी स्वतः गायल्या आणि तिघीही जिंकल्या. स्पेसेकची निवड तर चित्रपट जिच्यावर बेतला त्या गायिका लोरेटा लिनने स्वतः केली होती.

‘वॉक द लाइन’ जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण दोन मुख्य भूमिका, दोघांचा स्वतःचा गळा आणि पुरस्काराचा वेगवेगळा निकाल असे सगळे त्यात एकत्र आले आहे. जेम्स मॅनगोल्ड दिग्दर्शित हा चित्रपट कंट्री गायक जॉनी कॅश आणि जून कार्टर यांचा. दोघेही 2003 मध्ये, चार महिन्यांच्या अंतराने वारले. वाकीन फिनिक्स गिटार शिकला, विदरस्पून ऑटोहार्प हे तंतुवाद्य शिकली, आणि टी बोन बर्नेटच्या संगीत-मार्गदर्शनाखाली दोघांनी सगळी गाणी गायली.

मेम्फिसमधल्या सन स्टुडिओतला चाचणीचा प्रसंग घ्या. कॅश एक भक्तिगीत गातो. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स त्याला मध्येच थांबवतो, असली गाणी पायलीला पन्नास, तुझे स्वतःचे काय आहे ते सांग म्हणतो. मग कॅश हवाई दलात असताना लिहिलेले तुरुंगाचे गाणे सुरू करतो. साथीदारांनी ते कधी ऐकलेलेच नाही. पहिल्या ओळीत फिनिक्सचा आवाज चाचपडतो, नजर खाली असते. साथीदार ताल पकडतात तसा तो आवाज खाली उतरतो, जड होतो, आणि आपल्याला ठाऊक असलेला कॅश हळूहळू ऐकू येऊ लागतो. मूळ ध्वनिमुद्रण वापरले असते तर कॅश पहिल्याच ओळीत ‘तयार’ मिळाला असता आणि हा प्रसंग उभाच राहिला नसता. स्वतः गाण्याचा खरा फायदा इथे आहे. नक्कल किती हुबेहूब वठली, हा त्यापुढे दुय्यम प्रश्न.

विदरस्पूनचा सर्वांत चांगला प्रसंग मात्र गाण्याचा नाहीच. दुकानात एक बाई जूनच्या आईवडिलांचे कौतुक करते आणि त्याच दमात तिच्या घटस्फोटाला पाप ठरवते. रंगमंचावर विनोदाने सभागृह खिशात घालणारी जून क्षणभर थिजते, आणि तुमचा अपेक्षाभंग झाला, माफ करा, असे अदबीने म्हणते. हसरा मुखवटा किती कष्टाने चढवलेला आहे, ते या अर्ध्या मिनिटात कळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ऑस्कर तिथेच पक्के झाले.

चित्रपटाला पाच नामांकने होती, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे त्यांत नव्हते. कथा कॅशची असल्याने जूनची भूमिका साहाय्यक मानावी, असा युक्तिवाद सहज करता आला असता. पण विदरस्पून मुख्य अभिनेत्री म्हणूनच उतरली आणि जिंकली. फिनिक्स हरला तो ‘कपोटी’तल्या फिलिप सीमूर हॉफमनकडून, म्हणजे दुसऱ्या चरित्रपटाकडूनच, फक्त तो लेखकाचा. फिनिक्सला ऑस्कर मिळाले ते पुढे ‘जोकर’साठी.

दोन मुख्य भूमिकांचा पेच इतरत्रही दिसतो. ‘अमाडेउस’मधले (1984) मोट्झार्ट झालेला टॉम हल्स आणि सालिएरी झालेला एफ. मरे एब्रहम एकाच गटात एकमेकांसमोर होते. जिंकला सालिएरी. प्रतिभावंतापेक्षा त्याच्यावर जळणाऱ्याची भूमिका नटाला जास्त वाव देते, हे लेखकांनी लक्षात ठेवावे. ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’मध्ये (1993) टीना आणि आइक टर्नर साकारणारे अँजेला बॅसेट आणि लॉरेन्स फिशबर्न दोघेही नामांकनापुढे गेले नाहीत.

वाद्याचे गणित गळ्यापेक्षा अवघड असते, कारण बोटे लपवता येत नाहीत. फॉक्स मुळातच पियानो शिकलेला होता, त्यामुळे ‘रे’मध्ये कॅमेरा चेहऱ्यावरून हातांवर बिनधास्त उतरतो. ‘शाइन’मध्ये (1996) डेव्हिड हेल्फगॉट झालेल्या जेफ्री रशनेही पियानोचा सराव करून ऑस्कर मिळवले. पण मेहनत म्हणजे हमी नव्हे: ‘माएस्ट्रो’त (2023) वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन झालेल्या ब्रॅडली कूपरने ईली कॅथीड्रलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासमोर माहलरच्या दुसऱ्या सिंफनीचा सहाएक मिनिटांचा भाग प्रत्यक्ष चालवून दाखवला, त्यासाठी काही वर्षे तालीम केली. सात नामांकने, पुरस्कार शून्य.

रंगभूषेचा वाटाही दुर्लक्षून चालणार नाही. मॅलेकचे खोटे दात आणि कोतियारच्या कपाळावरून मागे सरकवलेली केशरेषा यांची चर्चा अभिनयाइतकीच झाली. ‘ला व्ही आँ रोझ’ला रंगभूषेचे ऑस्करही मिळाले.

अलीकडे नामांकनांची संख्या आणि विजय यांतले अंतर वाढल्यासारखे वाटते. ‘एल्व्हिस’ला (2022) आठ नामांकने होती, हाती काही लागले नाही. एल्व्हिस झालेला ऑस्टिन बटलर हरला तो ‘द व्हेल’च्या ब्रेंडन फ्रेझरकडून. मॅनगोल्डचाच ‘अ कम्प्लीट अननोन’ (2024) आठ नामांकने घेऊन रिकाम्या हाताने परतला. बॉब डिलन झालेल्या टिमोथी शालामेने गिटार, माउथऑर्गन आणि गळा तिन्ही स्वतः सांभाळले होते, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा पुरस्कारही खिशात होता. ऑस्कर मिळाले असते तर मुख्य अभिनेत्याच्या गटातला तो सर्वांत तरुण विजेता ठरला असता. तो विक्रम 2003 पासून एड्रियन ब्रॉडीच्या नावावर आहे, तोही ‘द पियानिस्ट’मधल्या व्लादिस्लाव श्पिलमान या पियानोवादकाच्या भूमिकेसाठी. मार्च 2025 मध्ये शालामेला हरवून ‘द ब्रुटलिस्ट’साठी ऑस्कर घेतले, ते त्याच ब्रॉडीने.