लुमेन वाढले म्हणून फोकस लांब जात नाही

"मोठी एलईडी टाकून द्या, फोकस लांब गेला पाहिजे." छोट्या टॉर्चमध्ये फेरफार करायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाची हीच मागणी असते. मग तो रात्रीच्या थ्री-फेजला मोटर चालू करायला जाणारा निफाडचा शेतकरी असो, नाहीतर अंधारातच हरिहरच्या पायथ्याशी पोहोचणारा ट्रेकर. एकूण उजेड आणि लांबची फेक एकच, असं तो धरूनच चालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येकदा एक वाढवली की दुसरी घटते.

लुमेनबद्दल फार सांगायला नको. टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून जेवढा उजेड बाहेर पडतो तो लुमेन, आणि खोक्यावर ठळक छापलेला आकडा त्याचाच. एका १८६५० सेलच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल) टॉर्चवर "१०,००० लुमेन" छापणं मात्र सरळ फसवणूक आहे. तेवढ्या उजेडाला साधारण १०० वॅट लागतात, म्हणजे त्या एकाच सेलमधून २५ अँपिअरच्या वर करंट ओढावा लागेल.

फेक ठरते कॅंडेलावर, म्हणजे एका दिशेला उजेड किती दाट जातो त्यावर. टॉर्चची मोजमापं ठरवणाऱ्या एफएल-१ मानकात फेकीचं अंतर ०.२५ लक्सपर्यंत मोजतात, म्हणजे समोरच्या वस्तूवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड उरेपर्यंत. हिशोब सोपा आहे: कॅंडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आलं ते मीटर. १०,००० कॅंडेलाला २०० मीटर. पण ४०० मीटर हवे असतील तर २०,००० नाही, ४०,००० कॅंडेला लागतात. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात लांबचं धड ओळखू येत नाही, म्हणून छापलेल्या अंतराच्या निम्म्यावरच भरवसा ठेवावा.

आता खरी गोची. समजा, टॉर्चचा रिफ्लेक्टर तोच ठेवला आणि चौपट क्षेत्रफळाची एलईडी बसवली. तिच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून निघणारा उजेड आधीइतकाच आहे, म्हणून लुमेन चौपट झाले. फेक किती वाढली? काहीच नाही. रिफ्लेक्टर किरण समांतर करतो ते अगदी केंद्रबिंदूवरून निघालेले. एलईडीचा पिवळा चौकोन जेवढा मोठा, तेवढे किरण केंद्रापासून बाजूला निघतात आणि झोत पसरतो. चौकोनाची बाजू दुप्पट झाली की भिंतीवरचा डागही दुप्पट रुंद होतो, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. चौपट उजेड चौपट जागेवर पसरला, मध्यभागी होता तेवढाच राहिला. सेल मात्र लवकर उतरतो आणि टॉर्च हातात भाजायला लागते.

म्हणजे फेक वाढवायच्या वाटा दोनच: एलईडीच्या पृष्ठभागावरच्या उजेडाचा दाटपणा वाढवा, नाहीतर रिफ्लेक्टरचं तोंड मोठं करा. तोंडाचा व्यास दुप्पट केला की कॅंडेला चौपट आणि अंतर दुप्पट. खिशातल्या टॉर्चमध्ये तोंड वाढवता येत नाही, म्हणून उरतो दाटपणा. यासाठी ओस्राम कंपनीची व्हाइट फ्लॅट ही एलईडी लोकांना आवडते. तिचा चौकोन जेमतेम १ चौरस मिलिमीटरचा, लुमेन बेताचे आणि झोत सुईसारखा.

हा फरक अजून पटत नसेल तर एलईडीवरच्या पारदर्शक घुमटाकडे बघा. क्री कंपनीची एक्सपी-एल ही एलईडी दोन रूपांत मिळते: एचडीवर सिलिकॉनचा घुमट असतो, एचआय सपाट असते. घुमटामुळे जास्त उजेड बाहेर निघतो, पण तो भिंगाचंही काम करतो आणि रिफ्लेक्टरला एलईडी मोठी दिसते. त्यामुळे एचआयचे लुमेन एचडीपेक्षा कमी आणि फेक जास्त. लुमेन घटले आणि फोकस लांब गेला! दोन्ही ३.४५ मिलिमीटरच्याच, एकीच्या जागी दुसरी सहज बसते. ब्लेडने घरी घुमट कापायचे उद्योग मला अजिबात मान्य नाहीत. सपाट एलईडी तयार मिळत असताना आतली केसासारखी बारीक जोडतार (बाँड वायर) तोडायची जोखीम कशाला घ्यायची?

रिफ्लेक्टर की टीआयआर लेन्स (आतल्या आत उजेड परावर्तित करून झोत बनवणारं भरीव प्लॅस्टिकचं भिंग), यावर लोक तासन् तास भांडतात. व्यास सारखा असेल तर फेकीत फार फरक पडत नाही. रिफ्लेक्टरमधून काही उजेड थेट बाजूला सांडतो आणि पायाखालचं दिसतं, टीआयआर जवळपास सगळा उजेड झोतात गोळा करते. पुढच्या साध्या काचेत दोन्ही पृष्ठभाग मिळून आठेक टक्के उजेड जातो. एआर कोटिंगची, म्हणजे परावर्तन कमी करणारा थर दिलेली, काच लावा आणि विषय संपवा.

कुणाला काय लागतं, ते कामावरून ठरतं. उसाच्या कडेला बिबट्याचे डोळे चमकतात का हे शंभर मीटरवरून पाहायचं असेल तर लहान सपाट एलईडी. बांधावरून चालायचं, द्राक्षबागेत ओळीतून फिरायचं किंवा हरिहरच्या कातळपायऱ्या चढायच्या तर लुमेन आणि पसरट झोत. तिथे फेक निरुपयोगी, उलट जवळच्या पांढऱ्या ठिपक्याने डोळे दिपतात. अशा कामाला मी निचिया कंपनीची ५१९ए ही एलईडी, ४००० किंवा ४५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), हीच बसवावी म्हणेन. ६५०० केल्विनच्या निळसर स्वस्त एलईडीत लाल-तपकिरी छटा मरतात, आणि वाळक्या पानांवरची घोणस ओळखायला त्याच छटा लागतात.

एलईडी मागवण्याआधी व्होल्टेज बघा. एका सेलच्या बहुतेक टॉर्चमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, ३ व्होल्टच्या एलईडीसाठी असतो. क्रीचीच मोठी एक्सएचपी५० मात्र ६ किंवा १२ व्होल्टची, ती त्यावर पेटणारच नाही. एलईडीखालचा बोर्ड तांब्याचा घ्या, ज्यात एलईडीचा मधला पॅड थेट तांब्यावर बसतो. आणि रिफ्लेक्टरखालचं प्लॅस्टिकचं गॅस्केट विसरू नका: ते एलईडीला मध्यभागी धरतं आणि धातूचा रिफ्लेक्टर डाखाला टेकून होणारं शॉर्ट टाळतं. नव्या एलईडीची उंची वेगळी असेल तर भिंतीवरच्या डागाच्या मध्ये काळं वर्तुळ दिसतं. तेव्हा एलईडीला दोष न देता गॅस्केटची जाडी बदला.