न्यूरल नेटवर्क मॉडेल आणि माणसाचं डोकं

मेंदूतल्या पेशींवरून ढोबळ कल्पना उचलून बनवलेलं कम्प्युटर मॉडेल (न्यूरल नेटवर्क) माणसासारखं वागायला लागलं, की माणूस विचार कसा करतो ते कळलं असं म्हणायचं का, हा कॉग्निटिव्ह सायन्समधला (म्हणजे मन कसं चालतं याच्या अभ्यासातला) जुना वाद आहे. सुरुवात मेंदूच्या पेशीचं गणिती मॉडेल मांडणाऱ्या मॅककलक आणि पिट्स यांच्या १९४३ च्या पेपरपासून धरतात, पण खरी जुंपली ती १९८६ नंतर.

त्या वर्षी रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ शिकणारं नेटवर्क दाखवलं. लहान मुलं 'गो'चा भूतकाळ आधी 'वेंट' असा बरोबर म्हणतात, मग मध्येच 'गो-एड' (goed) म्हणायला लागतात (मराठी पोरं 'केलं'चं 'करलं' करतात ना, तसंच) आणि पुढे परत 'वेंट'वर येतात. नेटवर्कच्या चुकाही अशाच वाढल्या आणि उतरल्या, आणि व्याकरणाचा एकही नियम त्याला लिहून दिलेला नव्हता! मग १९८८ मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी सगळं उसकटून बघितलं तर कळलं की त्याला आधी फक्त १० क्रियापदं दिली होती, बहुतेक अनियमित, आणि नंतर एकदम ४२०, ज्यात नियमित जास्त, म्हणजे चुकांची ती लाट यादीच बदलल्यामुळे आलेली. शिवाय 'मेल' (mail) या क्रियापदाचा भूतकाळ ते 'मेम्बल्ड' करायचं, जे कुठलंही पोर म्हणणार नाही.

१९८९ मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी नेटवर्कला एकाच्या बेरजा शिकवल्या, मग दोनाच्या, तर आधीच्या पार पुसल्या गेल्या. विसरतो आपणही, पण असं नाही. मॅक्लॉस्कीचं १९९१ मधलं म्हणणं मला पटतं: नेटवर्क ही थिअरी नाही, ते प्रयोगातल्या प्राण्यासारखं वापरा, कापून-जोडून बघा, पण स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागेल.

डीप लर्निंग, म्हणजे पुष्कळ थरांची मोठी नेटवर्क्स, आल्यावर वाद परत पेटला. २०१४ मध्ये यामिन्स, डिकार्लो वगैरेंनी दाखवलं की वस्तू ओळखायला शिकलेली नेटवर्क्स माकडाच्या मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी कसा प्रतिसाद देतील याचा बऱ्यापैकी अंदाज बांधतात. पण २०१९ मध्ये गायरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवलेलं चित्र दिलं तर माणसं मांजर म्हणाली आणि नेटवर्क हत्ती. मग त्यांनीच टेक्स्चर (पृष्ठभागाचा पोत) बदललेल्या चित्रांवर ट्रेनिंग दिलं तर तेच डिझाइन आकाराकडे बघायला लागलं, म्हणजे फिरून गाडी परत ट्रेनिंगच्या यादीवरच.