नासाडी फक्त वाशी मार्केटात होते?

वाशीच्या भाजी मार्केटात कोबीच्या पाल्याचा ढीग दिसला की लोक हमखास म्हणतात, अन्न वाया जातं ते इथे; घरात टाकून देणं ही श्रीमंत देशांची सवय. हे खरं नाही. शेतापासून बाजारापर्यंत माल खराब होतो, ते नुकसान मोठंच आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो: जगभरात दुकानं, हॉटेलं आणि घरांत मिळून जेवढं अन्न वाया जातं, त्यातलं ६० टक्के घरांतलं. घरगुती नासाडी भारतात माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो, अमेरिकेत ७३. (साली-देठंही यात धरलेत.) म्हणजे चौघांच्या घरात २२० किलो! स्वस्त दिसली म्हणून घेतलेली मेथीची दुसरी जुडी फ्रीजमध्ये पिवळी पडते, तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याचं पाणी, मजुरी आणि टेम्पोचं डिझेलही तिच्यासोबत कचऱ्यात जातं.